छपरावरचं शेवाळ आणि घरातला खोकला

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीत रंगाचे डबे येतात. भिंती उजळतात, दारं धुतली जातात, ओटे स्वच्छ होतात. आम्ही याच दिवसांत घरोघर जातो आणि एक गोष्ट सांगतो: रंग लावण्याआधी एकदा मान वर करा आणि छप्पर पाहा.

हे सांगायला आम्हालाही उशीर झाला. रुग्णालयात नोकरीला होतो तेव्हा पावसाळ्यात खोकल्याच्या मुलांची रांग लागायची. रजिस्टरात आम्ही नाव, वय, खोकला किती दिवसांचा आणि औषध कोणतं एवढं लिहायचो. ते मूल कोणत्या छपराखाली झोपतं, हा रकाना रजिस्टरात नव्हता. आमच्या डोक्यातही नव्हता.

नोकरी सोडून वाड्यावस्त्यांवर फिरू लागल्यावर कोकणातल्या एका बौद्धवाडीत एक घर पाहिलं. मंगलोरी कौलांचं, दोन खणांचं. सहा वर्षांचा मुलगा मृगापासून खोकत होता. आई म्हणाली, "सिस्टर, औषध एक दिवस चुकवलं नाही. तरी रात्री दोनला उठून बसतो. छाती वाजते." बाहेरून पाहिलं तर छपराची एक बाजू हिरवीगार मखमलीसारखी झालेली. आत आलो तर कौलांखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळं प्लास्टिक ताणून ठोकलेलं. गळती थांबावी म्हणून वडिलांनी आदल्या वर्षी स्वतःच्या हातानं लावलं होतं. त्या प्लास्टिकच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब लटकत होते. मुलाच्या अंथरुणाजवळच्या कोपऱ्यात भिंतीवर काळे ठिपके पडले होते. त्याच खोलीत स्वयंपाक होता आणि त्याच खोलीत दोरीवर ओले कपडे.

त्या माणसानं मुलासाठीच सगळं केलं होतं. वरचं पाणी अडवलं होतं. पण घरात तयार होणारं पाणी आत कोंडलं गेलं होतं. हा लेख त्या दोन पाण्यांबद्दल आहे.

शेवाळ कशामुळे धरतं

आपण छपरावरच्या सगळ्याच हिरव्या-काळ्या थराला शेवाळ म्हणतो. त्यात दोन प्रकार असतात. एक पातळ, निसरडा, हिरवट-काळा थर. दुसरा जाड, मऊ, मखमलीसारखा. छपराला जास्त त्रास देतो तो दुसरा. त्याला खरी मुळं नसतात. बारीक तंतूंनी तो कौलाला धरून राहतो आणि पाणी स्पंजासारखं शोषून घेतो. त्याचं बी धुळीपेक्षा बारीक असतं आणि वाऱ्यावर सगळीकडे जातं. म्हणून शेवाळ शेजाऱ्याच्या छपरावरून आलं, असा दोष कुणाला देऊ नका. बी सगळ्यांच्याच छपरावर पडतं. जिथे ओल टिकते तिथेच ते वाढतं.

ओल टिकण्याची कारणं ठरलेली आहेत. वर आंबा-फणसाची फांदी आली असेल तर सावली पडते आणि पाला साचतो. उतार कमी असेल तर पाणी रेंगाळतं. दोन पाखे जिथे मिळतात त्या पन्हाळीत कचरा अडकतो. पावसाळा संपल्यावर सूर्य दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे उत्तरेकडची पाख सर्वांत उशिरा वाळते. आपल्याकडे बहुतेक घरांत शेवाळ त्याच बाजूला जास्त दिसतं.

मंगलोरी कौलाच्या कडेला खाचा असतात. एक कौल दुसऱ्यात अडकतं, पाणी खाचेतून खाली जातं आणि फटीतून घरातली गरम हवा बाहेर पडते. १८६५ साली मंगलोरात बासेल मिशनच्या कारखान्यात अशी कौलं बनू लागली आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. शेवाळ नेमकं या खाचांमध्ये भरतं. मग पाणी पुढे सरकत नाही, उलटं कौलाखाली शिरतं. रीप भिजते, वासा कुजतो, मऊ झालेल्या लाकडाला वाळवी लागते. एक कौल दोन-अडीच किलोचं असतं. कुजलेली रीप मोडली तर ते खाली झोपलेल्या माणसावर पडतं.

घरात तयार होणारं पाणी

छप्पर गळत नसलं तरी घरात पाणी तयार होतच असतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलं होतं की मोठा माणूस श्वासावाटे आणि कातडीवाटे, घाम दिसत नसतानाही, दिवसाला साधारण ८०० मिलिलिटर पाणी बाहेर टाकतो. पाच माणसं एका खोलीत सहा-सात तास झोपली तर रात्रीतून सुमारे एक लिटर पाणी वाफ होऊन त्या खोलीत येतं.

गॅसचंही तसंच आहे. गॅस जळतो तेव्हा उष्णतेबरोबर पाण्याची वाफ तयार होते. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात घरात सुटतं. भात, डाळ, आंघोळीचं पाणी यांची वाफ वेगळी. पावसाळ्यात घरात वाळणाऱ्या कपड्यांचं पाणी आणखी वेगळं.

ही वाफ गरम हवेबरोबर वर जाते. वर वाट मिळाली तर बाहेर जाते. वर प्लास्टिक, पत्रा किंवा घट्ट बसवलेलं सिलिंग असेल तर तिथे थंड होऊन थेंब होतात. पत्र्याच्या घरात पहाटे अंगावर पडणारे थेंब अनेकदा गळतीचे नसतात, आपल्याच श्वासाचे आणि स्वयंपाकाचे असतात. म्हणून डांबर लावूनही ते थांबत नाहीत.

ओली भिंत, ओलं लाकूड, ओली गोधडी यांवर बुरशी येते. बाहेरचं शेवाळ माणसाला आजारी पाडत नाही. आतली ओल आणि बुरशी पाडते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, श्वासमार्गाचा संसर्ग आणि दम्याचा त्रास जास्त होतो, असं त्यात नोंदवलं आहे. याचा त्रास सर्वांत आधी लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि दिवसभर घरात असणाऱ्या बाईला होतो.

कोंडलेल्या हवेचा दुसरा धोका क्षयरोगाचा आहे. शेवाळानं किंवा ओलीनं टीबी होत नाही. टीबीचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत येतात. खोलीतली हवा बदलत राहिली तर ते पांगतात आणि बाहेर जातात. हवा कोंडली तर घरातले सगळे तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेतात. घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर छपराच्या दुरुस्तीची वाट पाहू नका. आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

शेवाळ काढताना

यासाठी योग्य वेळ दोनदा येते. पहिली आत्ता, मार्च-एप्रिलमध्ये. शेवाळ वाळून कडक झालेलं असतं आणि सहज निघतं. दुसरी ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, पाऊस थांबून ऊन पडलं की. कोकणात ज्याला शाकारणी म्हणतात आणि विदर्भात कवेलू फेरणं म्हणतात, तेच हे काम. जुनी माणसं दरवर्षी करायची. प्लास्टिक स्वस्त झालं आणि आपण ते सोडलं.

- आधी वरची फांदी छाटा. ऊन लागलं नाही तर काढलेलं शेवाळ पुढच्या पावसात परत येईल.
- पन्हाळीतला आणि कौलांमधला पाला काढा.
- शेवाळ लाकडी किंवा बांबूच्या पट्टीनं वरून खाली खरवडा, मग काथ्याच्या ब्रशनं झाडा. तारेचा ब्रश वापरू नका. त्यानं कौलाचं अंग खरबरीत होतं आणि शेवाळाला धरायला जागाच मिळते.
- फुटकी, पापुद्रे सुटलेली कौलं बदला. खालची रीप बोटानं दाबून पाहा. बोट आत गेलं तर रीपही बदला.
- उरलेल्या हिरवट डागांवर ब्लीचिंग पावडरचं पाणी लावता येतं. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे साधारण सहा लहान चमचे पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा. अर्धा तास ठेवून वरचं स्वच्छ पाणी घ्या, डागांवर लावा आणि वीस मिनिटांनी धुऊन टाका.

ब्लीचिंग पावडर हाताळताना हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा आणि डोळे सांभाळा. तिच्यात ॲसिड किंवा संडास धुण्याचं औषध कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुस जाळतो. पत्र्यावर हे पाणी लावू नका, पत्रा गंजेल. छपराचं पाणी पिंपात धरत असाल तर त्या दिवशी पिंप बाजूला ठेवा.

एक स्वस्त उपायही आहे. आढ्याच्या कौलांखाली, दोन्ही पाखांवर, तांब्याची उघडी तार किंवा पट्टी आडवी बसवायची. पावसाच्या पाण्याबरोबर तांब्याचा सूक्ष्म अंश खाली उतरतो आणि शेवाळाला मानवत नाही. जस्ताची पट्टीही असंच काम करते. हा परिणाम पट्टीच्या खाली काही अंतरापर्यंतच राहतो, त्यामुळे वर्षाची सफाई टळत नाही. अशा छपराचं पाणी पिण्यासाठी धरू नका.

सिमेंटचा पत्रा असेल तर थांबा

वर लिहिलेली खरवडण्याची पद्धत फक्त मातीच्या कौलांसाठी आहे. वस्तीतल्या कितीतरी घरांवर राखाडी रंगाचे नालीदार सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांत, विशेषतः जुन्या पत्र्यांत, अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सगळ्या प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच राहतात आणि आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी उघड होतो. त्यामुळे आज खरवडलं आणि उद्या काही झालं नाही, यावर विसंबू नका.

पत्रा अखंड असेल, कुणी त्याला छेडत नसेल, तर धोका कमी असतो. घासला, कापला, भोक पाडलं, फोडला की तंतू सुटतात. म्हणून सिमेंटच्या पत्र्यावरचं शेवाळ खरवडू नका, घासू नका, जोराच्या पाण्यानं धुऊ नका. वरची सावली आणि पाला तेवढा हटवा. पत्रा बदलायचा झाला तर आधी पाण्यानं भिजवा, बोल्ट सोडवून अखंड उतरवा, तोडून नको. खाली पडलेला चुरा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या तुकड्यांचा ओटा, कुंपण किंवा कपडे धुण्याची फळी करू नका. मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नका.

वर कोण चढणार

छपराच्या कामात सर्वांत मोठा धोका पडण्याचा आहे. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. शेवाळाखाली तडा दिसत नाही आणि माणूस पत्र्यातून थेट खाली येतो. कंबरेचं हाड मोडलेला कमावता माणूस म्हणजे काय, हे वस्तीला सांगायला नको.

एकट्यानं चढू नका, शिडी धरायला खाली माणूस हवा. ओल्या छपरावर चढू नका. कौलांवर वाशांना आडवी फळी टाकून तिच्यावर पाय ठेवा, कंबरेला दोर बांधा आणि तो भक्कम तुळईला अडकवा. चढण्याआधी विजेची तार पाहा. वायरीचं कातडं गेलेलं असेल आणि ती पत्र्याला टेकलेली असेल तर पत्र्यात करंट उतरतो. मेन स्विच बंद केला तरी मीटरपर्यंत येणारी तार चालूच असते. तिच्यासाठी लाइनमनला बोलवा.

हवेला दोन वाटा

गरम हवा वर जाते. ती वरून बाहेर पडली तरच खालून ताजी हवा आत येते. म्हणून घराला दोन वाटा लागतात: एक खाली, एक वर. वस्तीत घरं पाठीला पाठ आणि भिंतीला भिंत लावून असतात, खिडकीला जागा नसते. तिथे वरची वाट छपरातूनच काढावी लागते.

आधी आपल्या घराची परीक्षा घ्या. सगळे पंखे बंद करा आणि अगरबत्ती पेटवून दाराच्या खालच्या बाजूला धरा. धूर आत ओढला जातो का पाहा. मग स्टुलावर उभं राहून ती भिंतीच्या वरच्या टोकाशी धरा. धूर बाहेर निघून गेला तर घर श्वास घेतं. तिथेच घुटमळत राहिला तर वरची वाट बंद आहे.

ती उघडण्याचे उपाय असे:

- भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या नाळ्यांमध्ये आपण चिंध्या किंवा सिमेंट भरतो. त्या चिंध्या काढून तिथे लोखंडी जाळी बसवा. उंदरासाठी जाळीची भोकं ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. डासांची भीती असेल तर आणखी बारीक जाळी लावा, पण तिच्यावर स्वयंपाकाची काजळी बसते. महिन्यातून एकदा ब्रशनं साफ करा. सिमेंटच्या पत्र्याखाली काम करत असाल तर पत्र्याला छिन्नी-हातोडी लागू देऊ नका.
- आढ्याजवळ एक पाख दुसरीपेक्षा विटेच्या उंचीएवढी वर उचलून तिचा काठ पुढे काढला तर मधल्या फटीतून हवा जाते आणि पाऊस आत येत नाही. जुन्या घरांतलं धुराडं हेच काम करायचं. फटीला जाळी हवी. नवं छप्पर घालत असाल तर सुताराला हे आधीच सांगा.
- दारावर जाळीची झडप ठेवा. आतली आडभिंत छपरापर्यंत नेऊ नका, वर हातभर मोकळं सोडा.
- चूल किंवा गॅसच्या वर एक्झॉस्ट पंखा लावा. स्वयंपाक संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा.
- अंधाऱ्या खोलीत एक-दोन काचेची कौलं बसवा. ऊन आत आलं की ओल कमी होते आणि काळे डाग वेळेत दिसतात.

प्लास्टिकचं काय? कोकणात जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा ठिकाणी प्लास्टिक लावूच नका, असं आम्ही सांगणार नाही. पण ते कौलांच्या खाली घट्ट ठोकू नका. आत लावायचंच असेल तर कौल आणि प्लास्टिक यांत वीतभर अंतर ठेवा आणि आढ्याजवळचा पट्टा मोकळा सोडा. बाहेरून ताडपत्री टाकली तर आढ्याची दोन्ही टोकं उघडी ठेवा. पाऊस संपला की ती काढा. ताडपत्रीखाली वर्षभर दबलेलं कौल कधीच वाळत नाही.

आणि एक जीवघेणी चूक टाळा. बंद घरात कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही.

खर्च आणि घरकुल

यातली निम्मी कामं पैशाची नाहीत, हाताची आहेत. चार घरांनी मिळून एक शिडी, एक दोर आणि एक दिवस ठरवला तर चार छपरं होतात. म्हाताऱ्या एकट्या आजीचं छप्पर त्यात आधी घ्या, ती कुणाला सांगणार नाही.

भाड्यानं राहत असाल तर जाळी आणि झडप यांसाठी घरमालकाशी बोला. छप्पर कुजलं तर नुकसान त्याचं आहे, हे त्याला पटतं. रमाई आवास किंवा पंतप्रधान आवास योजनेतून घरकुल मंजूर झालं असेल तर पाया घालतानाच समोरासमोर दोन उघड्या वाटा मागा. स्लॅबला पाणी वाहून जाण्याइतका उतार आहे का पाहा. साचलेल्या पाण्यावर स्लॅबलाही शेवाळ धरतं आणि खाली तशीच ओल येते.

त्या बौद्धवाडीतल्या घरात आम्ही पुढच्या एप्रिलला परत गेलो. वाडीतल्या तरुणांनी फणसाची फांदी छाटली, कौलं उतरवून घासली, सात रिपा बदलल्या. वडिलांनी प्लास्टिक स्वतः काढलं. काढताना त्यांचा चेहरा पडला होता. आम्ही त्यांना म्हटलं, "दादा, तुम्ही पाणी अडवलंत, ते बरोबरच केलंत. आता हवेला वाट देऊ." मुलाला आम्ही मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे त्याला दमा असल्याचं निदान झालं आणि श्वासाचा पंप सुरू झाला. पंप अजूनही लागतो. पण त्या पावसाळ्यात तो रात्री उठून बसला नाही, असं आई सांगते. त्याला औषधही लागलं आणि छप्परही लागलं.

आता आमच्या रजिस्टरात तो रकाना आहे. खोकल्याचं मूल आलं की आम्ही तीन गोष्टी विचारतो: रात्री किती जण एका खोलीत झोपता? भिंतीवर काळे डाग आहेत का? छपरातून हवा कुठून बाहेर जाते? जयंतीचा रंग काढण्याआधी हे तीन प्रश्न तुम्हीही आपल्या घरात विचारा. डागावर रंग मारला तर तो पुढच्या पावसात परत वर येईल. आधी ओल काढा, मग रंग लावा.